दासोपंतांची पासोडी : दर्शन आणि वाचन

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे मुकुंदराज व दासोपंत या दोन ग्रंथकारांच्या समाधी आहेत. त्यांपैकी दासोपंतांचा जन्म शके १४७३ मधील (इ. स. १५५१) असून शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस त्यांनी देह ठेवला. थोरले आणि धाकटे देवघर या नावांनी त्यांची परंपरा पुढे चालली. मात्र ज्याचे भक्तीने जतन होते त्याचे वाचन होतेच असे नाही, आणि दासोपंतांच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो.

चरित्रपरंपरेत प्राधान्य आहे ते एका चमत्काराला. दुष्काळामुळे वसूल थकला; देशपांडेपण सांभाळणाऱ्या पित्यास बेदरच्या दरबारी पुत्र ओलीस ठेवावा लागला; मुदत संपता संपता दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने येऊन रक्कम भरली. पुढे माहूर, राक्षसभुवन व अखेर अंबाजोगाई असा त्यांचा प्रवास सांगितला जातो. या कथेस इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. पण ती निरर्थकही नव्हे. थकबाकीचा ताण वतनदाराच्या घरापर्यंत कसा पोहोचे, याची स्मृती तिच्यात आहे. मात्र चरित्रकाराची दृष्टी सुटकेवर खिळते आणि सुटलेल्या पुरुषाने पुढे काय लिहिले, हा प्रश्न मागे पडतो.

ते लेखन प्रचंड आहे. ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. रोज ढब्बू पैशाची शाई लागे, ही आख्यायिकाही या विस्ताराचेच कौतुक करते. परंतु दासोपंतांची खरी प्रतिभा विस्तारापेक्षा रचनेत पाहावयास हवी, आणि तिचा उत्तम नमुना म्हणजे पासोडी.

सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले. हे कापड निवडण्यात केवळ नवलाई नाही. पंचीकरणात प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी अष्टमांश असतो. पाचांचे पाचांशी असलेले हे संबंध एका दृष्टिक्षेपात दिसले तरच नीट उमगतात. पोथीच्या सुट्या पानांवर ते तुटतात. पसरलेल्या वस्त्रावर ओवी आणि आकृती शेजारी नांदतात. सामान्य माणसाच्या अंगावरचे वस्त्र येथे अध्यापनाचा फलक झाले आहे. आशयानेच येथे लेखनाचे साधन ठरविले.

लेबाननमधील मॅरोनाइट संन्यासी शारबेल (१८२८–१८९८) यांचा येथे तुलनेने विचार करता येईल. अन्नाया येथील त्यांच्या समाधीभोवती चमत्कारांची श्रद्धा वाढली आणि १९७७ मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. त्यांची ख्याती ग्रंथांवर उभी नाही. म्हणून तेथे समाधी, देह आणि आख्यायिका हेच स्मृतीचे आधार होत. दासोपंत गृहस्थ होते, ग्रंथकार होते. त्यांच्या पासोडीला केवळ पवित्र अवशेष मानणे म्हणजे बोलत्या संतास मौन देणे होय.

भक्तपरंपरेने वस्त्र राखले, हे तिचे ऋण अभ्यासकाने मान्य केलेच पाहिजे. पण शिकविण्यासाठी पसरलेले वस्त्र पूजेसाठी घडी घालून ठेवले, तर वस्तू उरते आणि तिचे प्रयोजन हरवते. कापड जीर्ण होते, शाई फिकट होते. म्हणून आकृतींसह अक्षरशः पाठनिश्चिती करणे हे दासोपंतांच्या अभ्यासातील पहिले कर्तव्य ठरते.