बुडालेला स्तंभ आणि उरलेला वाचक

स्मारक हे स्मरणाचे साधन मानले जाते. परंतु स्मृती एकदा दगडाच्या स्वाधीन केली की ती वाहण्याच्या जबाबदारीतून समाज मोकळा होतो, हेही तितकेच खरे. हँबुर्ग शहराच्या हारबुर्ग भागात योखेन गेर्त्झ व एस्तेर शालेव-गेर्त्झ यांनी १९८६ साली उभारलेले फॅसिझमविरोधी स्मारक या विसंगतीतूनच जन्माला आले. देऊ केलेले शांत उद्यान नाकारून त्यांनी भर बाजारपेठेची जागा निवडली आणि तेथे शिशाने मढवलेला १२ मीटर उंचीचा चौकोनी स्तंभ उभा केला. सोबत पोलादी लेखणी होती, आणि सात भाषांतील आवाहनही : येथे आपले नाव कोरा आणि सावध राहण्यास वचनबद्ध व्हा. हाताच्या टप्प्यातील भाग नावांनी भरला की स्तंभ काहीसा जमिनीत उतरवला जाई. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये तो पूर्णतः भूमिगत झाला.

जेम्स यंग यांनी १९९२ मध्ये अशा कृतींना ‘प्रतिस्मारक’ ही संज्ञा दिली. वाचकालाच लेखक करणारी संहिता म्हणून हारबुर्गच्या स्तंभाचा गौरव करणे आज सोपे आहे. मात्र हा गौरव अपुरा वाटतो. कारण स्तंभावर केवळ प्रतिज्ञाबद्ध नागरिकांच्या सह्या उमटल्या नाहीत. तेथे गिचमिड खरडली गेली, नाझींचे स्वस्तिकचिन्ह कोरले गेले, बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणाही राहिल्या. वाचक हा अर्थाचा सहनिर्माता होय, असे मांडणारा सिद्धान्त बहुधा सुसंस्कृत, सहृदय वाचक गृहीत धरतो. हारबुर्गच्या वाचकाने ते गृहीतक मोडले. शिशाने मात्र निवड केली नाही : शपथ आणि द्वेष दोन्ही एकाच पृष्ठावर, एकाच खोलीने जपले.

या कृतीचे मोल लोकसहभागात नसून सहभागाची अशी निर्मम नोंद करण्यात आहे, असे म्हणावे लागते. सह्यांचीच निवडक यादी जतन झाली असती, तर समाजाला स्वतःचे खुशामती चित्र मिळाले असते. येथे त्याला आरसा मिळाला, आणि तोही पुरला गेला.

पुरण्यातही एक धोका आहेच. अदृश्य झालेली संहिता विस्मरणाला निमित्त पुरवू शकते; खाली बसवलेल्या काचेतून स्तंभाचा जो थोडा भाग दिसतो, तो सारी नावे वाचून दाखवू शकत नाही. तथापि कलावंतांचे विधान नेमके येथेच पुरे होते. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे काम स्तंभ करीत नाही; ते माणसांनाच करावे लागते. सही करून निघून गेलेल्या वाचकाचे वाचन अशा रीतीने स्तंभ नाहीसा झाल्यावर सुरू होते. ते त्याने केले की नाही, याचा निर्णय कलाकृतीच्या आत सापडणार नाही. आणि रूपबंधाच्या चौकटीतच अर्थ शोधणाऱ्या समीक्षेला हे मान्य करणे जड जाते.