उच्चाराचे सोवळे

एखाद्याचे बोलणे कानाला गोड लागते आणि एखाद्याचे खटकते, हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न आहे असे आपल्याकडे मानले जाते. अभिरुची हा शब्द आला की चर्चा थांबते. ‘आम्हाला नाही आवडत’ असे कोणी म्हटल्यावर वाद घालायचा कसा? पण ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही हे जन्मावरून ठरत आले, त्या समाजात कानाची आवड तेवढी जातिनिरपेक्ष असेल, हे मानायला मी तयार नाही.

हा प्रश्न मराठी रंगभूमीवर ठळकपणे आणला तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ने. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे (1913) हे रूपांतर 1975 साली रंगमंचावर आले. शॉच्या नाटकात ध्वनिशास्त्राचा एक पंडित लंडनच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलून तिला उमरावांच्या मेळाव्यात खपवून दाखवण्याची पैज घेतो. मराठीत तो पंडित प्रा. जहागीरदार झाला आणि फुलवाली मंजुळा झाली. भक्ती बर्वे यांनी उभी केलेली मंजुळा आणि तिचे संतापाचे स्वगत प्रेक्षक विसरलेले नाहीत. आजही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुली ते स्वगत म्हणतात आणि टाळ्या घेतात.

नाटकाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. माणसाला प्रयोगाची वस्तू समजणाऱ्या विद्वत्तेला ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. पण आरोप होतो तो प्राध्यापकाच्या अहंकारावर, त्याच्या हातातल्या मोजपट्टीवर नव्हे. शॉच्या लंडनमध्ये उच्चारामागे वर्ग उभा होता. मराठीत उच्चारामागे वर्गाबरोबर जातही उभी असते. ‘शुद्ध’ हा शब्द व्याकरणात येण्याआधी कोणत्या घरात, कोणत्या अर्थाने वापरला जात होता, हे आपल्याला कोणी सांगायला नको. नाटक हा प्रश्न विचारत नाही. पूर्वार्धात मंजुळेच्या जिभेला हसलेला प्रेक्षक उत्तरार्धात तिच्या स्वाभिमानाला टाळ्या देतो आणि आपला कान होता तसा घेऊन घरी जातो.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या नाटकावर हे ओझे कशाला? पण हे ओझे मूळ नाटकातच आहे. भाषेच्या उच्चाराने माणसामाणसांत उभ्या केलेल्या भिंतींसाठीच शॉने ते लिहिले होते.

आता ही मोजपट्टी तपासू. आमच्या पोराने ‘पानी’ म्हटले की पुण्यात हसू फुटते. तोच ‘पानी’ दिल्लीत प्रमाण हिंदी आहे. तिथे ‘पाणी’ म्हणणारा हरियाणाच्या खेड्यातला गावंढळ ठरतो. इंग्रजीतही हेच आहे. शब्दातला ‘र’ गिळणे लंडनमध्ये प्रतिष्ठेचे समजतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1962 साली तीन दुकानांतल्या विक्रेत्यांना चौथ्या मजल्याचा पत्ता विचारला, तेव्हा ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला तो सर्वांत महागड्या दुकानात. म्हणजे एका शहरात तो गिळणे मोठेपणाचे आणि दुसऱ्यात उच्चारणे मोठेपणाचे! ध्वनी तोच असताना त्यात उपजत सौंदर्य कुठले? 1974 साली प्रसिद्ध झालेल्या हॉवर्ड जाइल्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सची प्रतिष्ठित ग्रीक आणि क्रीट बेटावरची कमी प्रतिष्ठेची ग्रीक ऐकवली. त्यांना त्यात कोणतीही अधिक गोड वाटली नाही. बोलणाऱ्याची पायरी ठाऊक नसली की कानाला गोडवा-कडवटपणाही सापडत नाही.

हे सारे मी वर्गात शिकवतो. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचे सोलापूर गिरण्यांचे आणि मागांचे शहर. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा इथे एका गल्लीत नांदतात आणि चौघींचे इंग्रजी चार वळणांचे. पूर्व भागातल्या विणकर घरातली एक तेलुगूभाषक मुलगी इंग्रजीचा उतारा वाचत होती. तेलुगूच्या वळणाने तिच्या ‘बस’ला आणि ‘कार’ला शेवटी ‘उ’ लागत होता. वर्ग हसला. हसण्यात पुढे होती आमचीच पोरे, ज्यांच्या ‘न’ला दुसरे हसतात ती. मी त्यांना दटावले. पण त्याआधी क्षणभर माझेही ओठ हलले होते. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्यांचे ओठ असेच हलले होते, ते मी विसरलो नव्हतो. त्या मुलीने पुन्हा मोठ्याने वाचले नाही. मंजुळेला निदान स्वगत तरी मिळाले होते.

विषमता उतरंडीची असते, प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी मिळते, हे बाबासाहेबांनी जातीबद्दल दाखवून दिले. उच्चारालाही ते लागू आहे. आपल्याला टोचलेला कान आपणच पुढच्याला टोचतो. नाहीतर पुण्याच्या प्राध्यापकाचा इंग्रजी ‘ट’ लंडनच्या कानाला तितकाच हिंदुस्थानी लागतो. पण त्याला इथे कोणी हसत नाही.

बाबासाहेबांनी 1955 साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेल्या या माणसाचे इंग्रजी भारतीय वळणाचेच आहे. त्यांनी इंग्रजांकडून कायदा घेतला, अर्थशास्त्र घेतले, भाषा घेतली. उच्चाराचे सोवळे घेतले नाही. त्यामुळे त्यांच्या युक्तिवादाचे काही अडले नाही.

तेव्हा उच्चार शिकवूच नयेत काय? शिकवावेत. उद्या पोराला मुलाखतीला बसायचे आहे, कॉल सेंटरात परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायचे आहे. तिथे अर्थ पोचला नाही तर नुकसान त्याचे. पण अर्थ पोचतो की नाही, एवढीच कसोटी असावी. जिथे अर्थ पोचतो आणि तरीही हसू येते, तिथे दुरुस्ती जिभेची नव्हे, कानाची करायची असते. प्रस्थापितांच्या कानाशी आपला झगडा चालूच राहील. पण चळवळीतल्या कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने आधी आपला स्वतःचा कान तपासावा. ती तपासणी मी माझ्या वर्गापासून सुरू केली आहे.