'जुमान्जी'तील मोजकी आयुष्ये

व्हिडिओ गेमच्या अंतरंगात माणसे अडकून पडतात, या कल्पनेवर रचलेल्या चित्रपटांची १९८२ सालच्या 'ट्रॉन'पासून एक लहानशी परंपराच निर्माण झाली आहे. या परंपरेविरुद्ध एक आक्षेप वारंवार घेतला जातो. खेळात मेलेले पात्र पुन्हा उभे राहते. मग तेथे भय कसले आणि करुण कसला? जेक कॅस्डन यांनी दिग्दर्शित केलेला 'जुमान्जी : वेलकम टू द जंगल' (२०१७) हा चित्रपट या आक्षेपाच्या परीक्षणासाठी मला विशेष उपयुक्त वाटतो. वैज्ञानिक कल्पितिका हे नाव त्याला सैल अर्थानेच लावता येईल, कारण यंत्र माणसांना गिळते कसे याचे स्पष्टीकरण देण्याच्या भरीस तो पडत नाही. ते एका परीने बरेच झाले.

कथाबीज ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या १९८१ सालच्या सचित्र बालपुस्तकातले. त्यावरील १९९५ सालच्या चित्रपटात जुमान्जी हा पटावरचा खेळ होता व त्यातील श्वापदे घरात शिरत होती. येथे १९९६ साली ॲलेक्स नावाच्या मुलाला तो पट मिळतो. 'असले खेळ आता कोण खेळतो', अशा भावाने तो पट बाजूला टाकतो, आणि एका रात्रीत पटाचे व्हिडिओ गेममध्ये रूपांतर होते. खेळ टिकण्यासाठी काळानुरूप वेष बदलतो, ही कल्पना चतुर आहे. वीस वर्षांनंतर शाळेच्या तळघरात शिक्षा भोगणारे चार विद्यार्थी तो सुरू करतात आणि आत ओढले जातात. भित्रा स्पेन्सर बलदंड ब्रेव्हस्टोन होतो (ड्वेन जॉन्सन), फुटबॉलपटू फ्रिज बुटका ओझेवाहू प्राणिशास्त्रज्ञ होतो (केव्हिन हार्ट), संकोची मार्था लढवय्यी रूबी होते (कॅरेन गिलन) आणि आपल्या रूपावर लुब्ध असलेली बेथनी चक्क एका स्थूल, मध्यमवयीन प्राध्यापकाच्या देहात जाऊन पडते (जॅक ब्लॅक).

संस्कृत प्रहसनांच्या अभ्यासकाला येथे 'भगवदज्जुकीय' आठवल्यावाचून राहणार नाही. त्या प्रहसनात योगी गणिकेच्या मृत देहात प्रवेश करतो आणि चुकीचा जीव नेल्याचे ध्यानात येताच परतलेला यमदूत गणिकेचा जीव योग्याच्या रिकाम्या देहात घालून मोकळा होतो. योग्याच्या तोंडी गणिकेची भाषा आणि गणिकेच्या तोंडी वेदान्त, यांतून उत्पन्न होणारे हास्य आणि जॅक ब्लॅक यांच्या मुद्रेतून प्रकटणारी बेथनी, यांची जात एकच. ब्लॅक स्त्रीचे विडंबन करीत नाहीत. ते बेथनीची, विशिष्ट एका मुलीची, भूमिका करतात. गेमच्या परिभाषेत अशा देहास 'अवतार' म्हणतात, हाही एक योगायोगाचा विनोदच होय. आपल्या पुराणांत समर्थ लहान रूप घेतो. येथे दुबळा मोठे रूप घेतो आणि त्या रूपात खारीलाही घाबरतो.

विनोदाचा दुसरा झरा नायजेल हा वाटाड्या. त्याला ठरलेली वाक्येच येतात. प्रश्न कोणताही असो, तो तीच पुन्हा म्हणतो. सजीवावर चढलेली यांत्रिकता हे हास्याचे मूळ, असे बर्गसाँ यांनी १९०० साली प्रतिपादिले. नायजेल हे त्याचे तयार उदाहरण आहे, किंबहुना इतके तयार की त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. प्रत्येक पात्राच्या हातावर तीन रेघा गोंदलेल्या असतात. एकेका मृत्यूबरोबर एकेक रेघ पुसली जाते आणि पात्र आकाशातून पुन्हा खाली पडते. प्रारंभी हे मृत्यू निव्वळ हसण्यासाठी आहेत. पाणघोडा बेथनीला गिळतो, केक खाल्ल्याने फ्रिजचा स्फोट होतो, आणि आपण हसतो. परंतु हेच मृत्यू मोजले जात आहेत. रेघ एकच उरते तेव्हा तोच प्रसंग, तोच विनोदी नट, तेच जंगल वेगळे भासू लागते. शेवटच्या रेघेवर आलेला स्पेन्सर कचरतो, तेव्हा फ्रिज त्याला, बाहेरच्या जगात तरी आपल्याला कुठे एकाहून अधिक आयुष्ये होती, अशा अर्थाचे काहीतरी सांगतो. मृत्यू परत फिरवता येतो म्हणून गांभीर्य नष्ट होते असे नाही; त्याची मोजदाद थांबली तरच ते नष्ट होते.

चित्रपट सर्वत्र या उंचीवर राहत नाही. बॉबी कॅनाव्हाले यांचा खलनायक अंगावरून किडे फिरवतो, याहून फारसे काही करीत नाही. रूबीच्या तोकड्या वेषाची मार्था थट्टा करते. पण कॅमेरा त्या वेषाचा लाभ घेण्याचे सोडत नाही. दोष दाखवून तोच दोष उपभोगण्याची ही युक्ती व्यापारी चित्रपटसृष्टीत जुनी आहे.

तथापि एक प्रसंग या सर्वांची भरपाई करतो. ॲलेक्स (निक जोनस) वीस वर्षे त्या जंगलात आहे. त्याला मात्र ते काही महिनेच वाटतात. अखेरच्या रेघेवर असताना त्याला डास चावतो, आणि बेथनी त्याच्या तोंडात श्वास फुंकून स्वतःची एक रेघ त्याला देते. तिचे त्याच्यावर मन जडले आहे. खेळ संपताच सर्व आपापल्या काळात परततात, म्हणजे ॲलेक्स १९९६ मध्ये. चौघे त्याच्या घराशी येतात तेव्हा पूर्वीच्या भकास वास्तूवर नाताळची रोषणाई आहे आणि समोर उभा आहे एक प्रौढ, मुलाबाळांचा गृहस्थ (कॉलिन हँक्स).

ॲलेक्सला त्याच्या काळात परत पाठवून दिग्दर्शकाने आई-बापांचे वीस वर्षांचे दुःख पुसून टाकले, ही पळवाट आहे, असे कोणी म्हणेल. १९९५ च्या चित्रपटातही तशीच कालगणना उलटवली होती, आणि तेथे ती मला पळवाटच वाटते, कारण त्या उलटण्याची किंमत कोणीच मोजत नाही. येथे ती बेथनी मोजते. तिने दिलेले आयुष्य ॲलेक्स पूर्णपणे जगला आहे, परंतु तिच्या दृष्टीआड. तिच्या लेखी मात्र मध्ये क्षणभरच गेला. इतर साऱ्या रेघा खेळाबरोबर निरर्थक ठरल्या. ही एकच दिली गेली ती परत आली नाही. आपल्या थोरल्या मुलीचे नाव बेथनी ठेवल्याचे तो सांगतो, आणि सतरा-अठरा वर्षांची ती मुलगी डोळ्यांतले पाणी आवरीत हसते.