मत म्हणजे परतफेड नव्हे

मे २०२३ मध्ये कर्नाटकात काँग्रेसला २२४पैकी १३५ जागा मिळाल्या. जूनमध्ये बायकांचा सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, ऑगस्टअखेर गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० रुपये सुरू झाले. आणि २०२४च्या लोकसभेला त्याच पक्षाला २८पैकी ९ जागा! आमच्या बेळगावात तर गृहलक्ष्मीचं खातं सांभाळणाऱ्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांचे चिरंजीव हरले. जिंकले भाजपचे जगदीश शेट्टर, जे वर्षापूर्वी काँग्रेसच्या तिकिटावर हुबळीत हरले होते.

अशा वेळी "पैसे घेतले नि मत दुसऱ्याला दिलं" हा टोमणा बायकांच्याच वाट्याला येतो. मला तो मुळीच पटत नाही. तिजोरीतला पैसा आपल्याच कराचा. ती काही भाऊबीजेची ओवाळणी नव्हे. शिवाय राज्याचा कारभार वेगळा, दिल्लीचा वेगळा. घरात दूधवाला नि सोनार आपण एकाच कसोटीवर थोडेच पारखतो?

खोट आहे ती दुसरीकडे. निकाल लागला की जिंकलेला एकदम थोर आणि हरलेला नालायक वाटायला लागतो. सहा महिन्यांनी नळाला पाणी आलं नाही की पुन्हा उलटं. यात पारख कुठं आहे?

घरखर्चाची वही ठेवता ना गं बायांनो? तशीच नेत्याची ठेवा. काय बोलला, काय केलं, कधी पक्ष बदलला. मग मत बदललं तरी टोमण्याला उत्तर आपल्या हाताशी असेल.