न मारलेल्या शॉटची टक्केवारी

२१ जून २०२१. आपल्याकडे सोमवारची सकाळ, फिलाडेल्फियात रविवारची रात्र. सेव्हन्टी-सिक्सर्स विरुद्ध अटलांटा हॉक्स, मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना. साधारण साडेतीन मिनिटं शिल्लक, सिक्सर्स दोन गुणांनी मागे. चेंडू त्यांच्या पॉइंट गार्डकडे, म्हणजे डाव रचणाऱ्या बेन सिमन्सकडे. गॅलिनारीला वळसा घालून गडी थेट रिंगखाली पोचला. समोर ट्रे यंग, त्याच्यापेक्षा पाऊण फूट बुटका. डंक मारायचा की बरोबरी!

सिमन्सने पास दिला. ज्याला दिला त्या थायबुलवर फाउल झाला, त्याचा दोनपैकी एकच फ्री थ्रो आत गेला. शेवटी सिक्सर्स ९६-१०३ असे हरले. मी लॅपटॉप आपटायचाच बाकी होतो.

आता राग बाजूला ठेवून आकडे बघू. त्या प्लेऑफ्समध्ये सिमन्सने ७३ फ्री थ्रो घेतले, २५ आत गेले. म्हणजे ३४ टक्के. त्याच वर्षी साखळी सामन्यांत त्याचं प्रमाण होतं ६१ टक्के. तुम्ही म्हणाल, नशीब खराब असेल. तपासूया. ६१ टक्केवाल्याचे ७३ पैकी साधारण ४५ आत जायला हवेत. निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार (प्रमाण विचलन) सुमारे ४ चा. इथे तूट २० ची, म्हणजे विचलनाच्या जवळपास पाचपट. असं नशिबाने लाखात एकदाही घडणार नाही. तेव्हा खेळाडूच बदलला होता. दडपणाने, असं मला वाटतं.

पण माझी खरी तक्रार हुकलेल्या फ्री थ्रोंबद्दल नाहीच. त्या सामन्यात सिमन्सने फक्त चार शॉट मारले, दोन आत. ५० टक्के, वर १३ असिस्ट. कागदावर झकास! क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकांत समोरच्याला स्ट्राइक देऊन नाबाद परतणारा फलंदाज आठवा. सरासरी वाढते, सामना जातो. सातही सामन्यांच्या चौथ्या क्वार्टरमध्ये मिळून सिमन्सने तीन शॉट मारले. तीन! जो शॉट मारलाच नाही तो टक्केवारीत येत नाही. संशोधनात आम्ही याला निवडीचा दोष म्हणतो: नोंद झालेलाच डेटा बघितला की निष्कर्ष फसतो.

फाउलची भीती तरी रास्त होती का? समजा निम्म्या वेळा डंक बसला असता आणि निम्म्या वेळा फाउल होऊन दोन फ्री थ्रो मिळाले असते. ३४ टक्क्यांनी दोन फ्री थ्रोंचे सरासरी ०.६८ गुण. एकूण सरासरी निघते १.३४. पासमधून मिळाला एक. म्हणजे सगळ्यात वाईट फॉर्म धरूनही शॉट मारणंच शहाणपणाचं होतं.

सगळं खापर त्याच्यावर फोडणं मात्र अन्यायाचं. त्याच वर्षी तो लीगच्या पहिल्या बचाव संघात होता आणि सिक्सर्स पूर्व विभागात अव्वल होते. २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या या खेळाडूचं शूटिंग कच्चं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. जिंकत असताना कोणी फारसं मनावर घेतलं नाही, माझ्यासारख्या चाहत्यांनीही नाही. आम्ही असिस्ट मोजत बसलो. तो चॅम्पियन संघाचा पॉइंट गार्ड होऊ शकतो का, असं सामन्यानंतर विचारल्यावर प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. हा प्रश्न पाच वर्षं आधी विचारायचा होता. सिमन्स त्यानंतर सिक्सर्सकडून एकही सामना खेळला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला ब्रुकलिनला पाठवलं.

मीही नकोसा निकाल येईल या भीतीने एक प्रयोग महिनोन्‌महिने पुढे ढकललाय. माझ्या प्रगती अहवालात अपयश शून्य आहे. गाइडना तो अहवाल आवडतो. म्हणूनच सिमन्सवर ओरडताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, हे तुम्हाला सांगून टाकलेलं बरं.