तेलकट हात

प्रीमो लेव्ही या इटालियन रसायनज्ञाने आउश्विट्झच्या छळछावणीविषयी लिहिलेल्या पुस्तकात (१९४७) मारहाणीच्या वर्णनांहून एक क्षुल्लक भासणारा प्रसंग अधिक अस्वस्थ करतो. पान्विट्झ या जर्मन अधिकाऱ्यापुढे रसायनशास्त्राची परीक्षा देऊन लेव्ही परतत आहे. आपण एके काळी कोण होतो, याची जाणीव त्याला नुकतीच झाली आहे. वाटेत कैद्यांमधूनच नेमलेला मुकादम आलेक्स याचा हात ग्रीसने माखलेल्या पोलादी दोराला लागतो आणि तो हात तो लेव्हीच्या खांद्याला पुसतो. तळवा आणि मागची बाजू, दोन्ही. त्यात द्वेष नाही, हेटाळणीही नाही. फडके हाताशी आहे, इतकेच.

अमानुषता द्वेषातून जन्मते, ही आपली सोयीची समजूत येथे टिकत नाही. नावाच्या जागी १७४५१७ हा आकडा गोंदला, की द्वेषाचेही प्रयोजन उरत नाही. बळीला आधी हीन केल्याने मारणाऱ्याच्या मनावरील भार हलका होतो, अशी मीमांसा लेव्हीने १९८६ च्या निबंधग्रंथात केली. ती मार्मिक खरीच. परंतु आलेक्सच्या मनावर भार होताच कोठे? तो प्रसंग या उपपत्तीत मावत नाही, आणि म्हणूनच तो वाङ्मयीनदृष्ट्या श्रेष्ठ होय. आलेक्सचा आणि पान्विट्झचाही न्याय लेव्ही या एका कृतीवरून करतो.