हरलेला मतदार कुठे आहे?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले. मालेगाव मध्य मतदारसंघात मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मते मिळाली, तर आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. राज्यातला तो सर्वांत निसटता निकाल होता. त्याच वर्षी ४ जूनला मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर ४,५२,६४४ मते घेऊन निवडून आले आणि अमोल कीर्तिकर ४,५२,५९६ मतांवर राहिले. तिथे फरक अवघा ४८.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ४८ म्हणजे माझा एक वर्ग. सगळी मुले हजर असली की बाकावर तिघे-तिघे बसतात, तेवढी संख्या. नऊ लाखांहून अधिक माणसांनी या दोघांना मते दिली आणि निकाल माझ्या एका वर्गाएवढ्या माणसांवर ठरला. या निकालांनंतर आपल्या मोहल्ल्यात, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या दावतीत जे बोलले गेले ते ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न आला. निकाल इतका निसटता लागतो तेव्हा सामान्य मतदाराच्या मनात काय होते, हे आपल्या साहित्याने आणि चित्रपटाने कधी दाखवले आहे काय? या लेखात दोन कलाकृतींच्या आधारे मी या प्रश्नाचा विचार करणार आहे.

पहिली कलाकृती 'सिंहासन'. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. मराठीतील राजकीय चित्रपटांचा विषय निघाला की आजही याचेच नाव प्रथम घेतले जाते आणि ते रास्तच आहे. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, तिच्यावर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री, आमदारांची जमवाजमव, कामगार पुढारी आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस. अरुण सरनाईक, श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी ही माणसे अशी उभी केली की नंतरच्या अनेक खऱ्या पुढाऱ्यांकडे आपण त्यांच्याच चेहऱ्यांतून पाहू लागलो.

'सिंहासन'मध्ये आकड्यांना फार महत्त्व आहे. कोणाच्या बाजूला किती आमदार, कोण फुटला, कोण फुटेल, याची बेरीज-वजाबाकी चित्रपटभर चालते. पण ज्या आकड्यातून हे आमदार जन्माला आले, तो मतदानाचा आकडा कुठेच नाही. गरीब माणूस चित्रपटात आहे, झोपडपट्टी आहे, संप आहे. परंतु मतदार म्हणून तो येत नाही. शेवटी वेडा होतो तो पत्रकार. ज्यांच्या मतावर हा सगळा डाव मांडला त्यांचे काय झाले, हे आपण विचारतही नाही. हा दोष मी दिग्दर्शकाच्या माथी मारत नाही. त्यांना सत्तेचा आतला गाभारा दाखवायचा होता आणि तो त्यांनी निर्भयपणे दाखवला. मात्र आपण प्रेक्षकांनी त्यातून एक सोयीस्कर धडा घेतला, की राजकारण म्हणजे 'त्यांचा' खेळ आणि आपण नुसते बघे.

दुसरी कलाकृती अमित मसुरकर यांचा २०१७ मधील हिंदी चित्रपट 'न्यूटन'. इथे चित्र नेमके उलटे आहे. पुढारी जवळजवळ नाहीच. आहे तो नूतन कुमार नावाचा तरुण सरकारी कारकून. त्याने स्वतःचे नाव बदलून न्यूटन केले आहे. छत्तीसगडच्या जंगलात ७६ मतदारांचे एक केंद्र आहे आणि तिथला केंद्राध्यक्ष म्हणून त्याला पाठवले जाते. नक्षलवाद्यांची भीती, सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याची टाळाटाळ आणि मोडक्या शाळेत मांडलेले ते यंत्र. राजकुमार रावने न्यूटनचा हट्ट फार सच्चेपणाने दाखवला आहे. पंकज त्रिपाठीचा अधिकारी खलनायक नाही. थकलेला, व्यवहारी माणूस आहे. आणि अंजली पाटीलने केलेली माल्को ही तिथली स्थानिक शिक्षिका आहे, मतदार यादीचे काम पाहणारी. सगळ्या चित्रपटात लोकांची भाषा आणि लोकांची भीती या दोन्ही गोष्टी फक्त तिला समजतात. एक शिक्षिका म्हणून मला तिचे हे चित्रण विशेष मोलाचे वाटते.

इलेक्शन ड्यूटी केलेल्या कोणत्याही मास्तराला किंवा बाईंना 'न्यूटन' पाहताना हसू येईल आणि थोडे डोळ्यांत पाणीही येईल. सामानाच्या त्या पेट्या, मोहोरबंद करण्याची ती लगबग, घड्याळाकडे लागलेली नजर. शेवटी चार गावकऱ्यांना मत देता यावे म्हणून न्यूटन सुरक्षा अधिकाऱ्यावरच बंदूक रोखतो, तो प्रसंग अतिशयोक्त आहे. पण त्यातले मूल्य खरे आहे. चार मतांनी निकाल बदलणार की नाही, हे त्याला माहीत नाही. तरीही तो अडून बसतो. मत मोजण्याआधीच त्याला किंमत असते, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट मी पाहिलेला नाही.

तथापि 'न्यूटन'विषयी माझी एक तक्रार आहे. आणि ती मला माझ्याच एका चुकीने शिकवली.

एका निवडणुकीत मी मतदान अधिकारी क्रमांक एक होते. मतदार आला की यादीत त्याचे नाव शोधायचे, ओळख पटवायची, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारायचे, म्हणजे मतदान प्रतिनिधींना ऐकू जाईल. बुरख्यातील स्त्रियांची ओळख पटवण्यासाठी आमच्यासारख्या शिक्षिका मुद्दाम नेमलेल्या असतात. सकाळच्या पहिल्या तासात एक वयस्क खाला आल्या. हातात मतदार ओळखपत्र होते, चिठ्ठी नव्हती. उर्दू नावे मराठी यादीत कशी उतरतात ते आपण जाणतोच. एकाच घरात तीन भावांचे आडनाव तीन तऱ्हेने लिहिलेले असते. मी भराभर पाने चाळली. नाव मिळेना. मागे रांग वाढत होती. मी म्हणाले, "खाला, बाहेर टेबलावर जाऊन नंबर काढून आणा." त्या "अच्छा बेटी" म्हणून गेल्या. दुपारी तीनच्या सुमारास दुसऱ्याच कोणाचे नाव शोधताना यादीच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीत मला त्यांचे नाव दिसले. सकाळी मी पुरवणी उघडलीच नव्हती. मी शिपायाला बाहेर पाठवले, पण खाला परत आल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत.

त्या मतदारसंघाचा निकाल काही हजारांच्या फरकाने लागला, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पुढे मालेगावचा १६२ हा आकडा ऐकला तेव्हा मात्र मला आधी त्या खाला आठवल्या.

'न्यूटन'मध्ये लोकशाहीवरचे संकट बाहेरून येते. बंदुकीच्या रूपाने, जंगलाच्या रूपाने, टाळाटाळीच्या रूपाने. नायक प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, त्याच्या हातून चूक होत नाही. खऱ्या केंद्रात बहुतेक वेळा बंदूक नसते. असते ती घाई आणि न उघडलेली पुरवणी. प्रामाणिक माणसाच्या हातूनही मत हरवते, ही गोष्ट 'न्यूटन' सांगत नाही. दुसरे म्हणजे चित्रपट मतमोजणीच्या आधीच थांबतो. त्या ७६ जणांपैकी कोण जिंकले, कोण हरले, हे कळत नाही. मताचे मूल्य निकालावर अवलंबून नाही असे दिग्दर्शकाला म्हणायचे असेल, तर ते मला मान्य आहे. परंतु मतदार निकालानंतरही जगत असतो. त्याच गल्लीत, ज्याने वेगळे बटण दाबले त्याच शेजाऱ्याबरोबर.

म्हणजे 'सिंहासन' सुरू होते तेव्हा मतदार घरी गेलेला असतो आणि 'न्यूटन' संपतो तेव्हा मतपेटी उघडलेली नसते. या दोहोंच्या मधली जी रात्र आहे, निकालाची रात्र, ती कोणी लिहिली नाही. आणि लोकशाहीची खरी परीक्षा त्याच रात्री असते. जिंकलेल्याला लोकशाही मान्य करायला काहीच कष्ट पडत नाहीत. १६२ मतांनी हरलेल्याने ती मान्य करायची असते.

ही रात्र साहित्यात नाही, म्हणून आपल्याजवळ तिच्यासाठी भाषाही नाही. जी आहे ती उसनी आहे. जिंकलेला म्हणतो, 'जनतेचा कौल'. एक लाख नऊ हजार माणसांनी एक सांगितले आणि जवळजवळ तितक्याच माणसांनी दुसरे, तर यातली जनता कोणती? हरलेला म्हणतो, 'मते फोडली'. जणू मते कोणाच्या तरी तिजोरीत ठेवलेली होती आणि चोराने ती पळवली. मालेगाव मध्यमध्ये काँग्रेस आणि समाजवादी पक्षाचे उमेदवारही उभे होते आणि त्यांची मते १६२ च्या कितीतरी पट होती. त्या मतदारांना 'फितूर' म्हणणे सोपे आहे. पण त्यांनीही रांगेत उभे राहून आपल्या मनाप्रमाणे बटण दाबले, एवढाच त्यांचा गुन्हा.

इथे आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'मुसलमानांची एकगठ्ठा मते' हा शब्दप्रयोग आपण वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून वाचत आलो. मालेगाव मध्य हा मुस्लिमबहुल मतदारसंघ. तिथले दोन्ही प्रमुख उमेदवार मुस्लिम. आणि मते जवळजवळ अर्धी-अर्धी! इतके स्पष्ट उत्तर त्या शब्दप्रयोगाला कोणत्याही अग्रलेखाने दिले नसते. दुर्दैवाने आपणच ते उत्तर वाचले नाही. आपण फुटीचे दुःख करत बसलो. मतभेद असणे हे माणूस असल्याचे लक्षण आहे, गठ्ठा फुटल्याचे नव्हे.

तिसरा शब्द 'यंत्र'. मुंबई उत्तर पश्चिमच्या मोजणीत यंत्रांतील मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांनी निकाल फिरला. त्यानंतर फेरतपासणीवरून वाद झाला, मोजणी केंद्रातल्या मोबाइलविषयी बातम्या आल्या, निवडणूक अधिकाऱ्यांनी त्या फेटाळल्या. कीर्तिकरांनी उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. त्याआधी २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅटच्या सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली होती. शंका घेणाऱ्याला वेडा ठरवणे मला योग्य वाटत नाही. शंका हा मतदाराचा हक्क आहे. पण नुसती शंका ही आळशी माणसाची सोयही असते. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष 'नमुना १७ क' भरून किती मते पडली याचा हिशेब प्रत्येक प्रतिनिधीला देतो. तो कागद नीट जपून मोजणीच्या दिवशी ताडून पाहणारे प्रतिनिधी किती असतात? मी पाहिले आहे, काही जण पाच वाजताच निघून जातात.

आणि तपासले तर सापडतेही. हरियाणात पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू या गावी नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर उमेदवारांच्या मतांची नोंद करताना अधिकाऱ्याकडून अदलाबदल झाली आणि हरलेला उमेदवार निवडून आल्याचे जाहीर झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने यंत्रे मागवून आपल्या देखरेखीखाली मते मोजली. १,०५१ विरुद्ध १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये, पावणेतीन वर्षांनंतर, खरा सरपंच खुर्चीवर बसला. ही बातमी मी दोनदा वाचली. त्या अधिकाऱ्याच्या जागी मला मीच दिसत होते, आणि तिथल्या हरलेल्या माणसाच्या जागी खाला. ही कटाची गोष्ट नाही, चुकीची आहे. पण ती दुरुस्त झाली, कारण कोणीतरी शेवटपर्यंत मागे लागले.

इथे कादंबरीला विषय नाही काय? एका गावातला माणूस पावणेतीन वर्षे सांगत फिरतो की मी हरलो नाही, आणि समोरचा शेजारी सरपंच म्हणून ध्वज फडकावत असतो. 'सिंहासन'मध्ये नाही इतके नाट्य यात आहे.

माझ्या वाचनात आलेल्या आपल्या मुस्लिम मराठी कथा-कवितांत दंगल आहे, दारिद्र्य आहे, स्त्रीचे दुःख आहे, संशयाची नजर आहे. हे सारे लिहिणे गरजेचे होते आणि आहे. पण निवडणूक येते ती पुढाऱ्याची खिल्ली उडवण्यापुरती. मतदार येतो तो फसवला गेलेला गरीब म्हणून. स्वतः विचार करून मत देणारा, हरणारा, रात्रभर जागणारा आणि सकाळी दूध आणायला त्याच दुकानात जाणारा माणूस मला आपल्या लेखनात भेटला नाही. इतरांनी आपल्याला गठ्ठा म्हटले याचा आपल्याला राग येतो. मग आपल्या कथेत तरी आपण त्या गठ्ठ्यातली माणसे वेगवेगळी करून दाखवायला हवीत.

आमच्या वर्गात दरवर्षी मॉनिटरची निवडणूक होते. गेल्या खेपेला एक मुलगी दोन मतांनी हरली. तिने रडत रडत विचारले, "मिस, फिरसे गिनो ना." मी फळ्यावर सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून पुन्हा मोजल्या, सर्वांसमोर. फरक दोनचाच राहिला. ती डोळे पुसून जागेवर बसली आणि मधल्या सुट्टीत नव्या मॉनिटरबरोबरच डबा खाल्ला. पुन्हा मोजताना माझी दहा मिनिटे गेली. ती वाया गेली असे मला वाटत नाही.